लिब्रेऑफिस २५.८: देवगडच्या आमच्या टायपिंग क्लासात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचा सपोर्ट बंद केला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही त्याच दिवशी संपला. तेव्हापासून आमच्या क्लासात रोज कोणी ना कोणी हाच विषय घेऊन येतं. कधी बागायतदार, कधी ग्रामपंचायतीतला ऑपरेटर, कधी शाळेतले गुरुजी, कधी होमस्टे चालवणाऱ्या वहिनी. त्याआधी दोन महिने, २० ऑगस्टला, लिब्रेऑफिसची २५.८ ही आवृत्ती आली होती. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहे. मी स्वतः रोजचं काम यावरच करतो आणि मुलांनाही यावरच शिकवतो.

लिब्रेऑफिस म्हणजे नक्की काय?

कार्यालयीन कामाच्या सहा प्रोग्रॅमचा संच. पत्रं, अर्ज, अहवाल यांसाठी रायटर. हिशेबासाठी कॅल्क. स्लाइड शोसाठी इम्प्रेस. आकृत्या आणि साध्या पोस्टरसाठी ड्रॉ. गणिताची सूत्रं लिहायला मॅथ आणि माहितीसाठा सांभाळायला बेस. आमच्याकडे येणाऱ्यांचं जवळजवळ सगळं काम पहिल्या दोनांतच भागतं.

फुकट कसं काय? "फुकट म्हणजे कायतरी भानगड असतलीच"

हे आमच्याकडे येणाऱ्या एका तात्यांचे शब्द. शंका रास्त आहे, म्हणून जरा मागे जाऊन सांगतो.

याचं मूळ जर्मनीतल्या स्टार डिव्हिजन नावाच्या कंपनीत आहे. तिचं स्टारऑफिस सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये विकत घेतलं आणि २००० मध्ये त्याचा मूळ कोड जगाला खुला केला. ते ओपनऑफिस. पुढे २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली. आता याचं पुढे काय, अशी काळजी काम करणाऱ्यांना लागली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी २८ सप्टेंबर २०१० ला द डॉक्युमेंट फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था जाहीर केली. तिचं कार्यालय बर्लिनला आहे. लिब्रेऑफिसची पहिली आवृत्ती, ३.३, जानेवारी २०११ मध्ये आली.

खर्च देणग्यांतून भागतो आणि काही कंपन्या आपले प्रोग्रॅमर या कामाला लावतात. परवाना मोझिला पब्लिक लायसन्सचा आहे. घरी वापरा, दुकानात वापरा, पतसंस्थेच्या वीस कॉम्प्युटरवर टाका, पेनड्राइव्हवरून शेजाऱ्याला द्या, सगळं कायदेशीर आहे. लायसन्सची चावी (की) नाही, कुलूप तोडणारा क्रॅक नाही, मुदत संपल्याची पाटी नाही. इथे किती ठिकाणी चोरीचं ऑफिस टाकून दिलेलं असतं आणि त्या क्रॅकबरोबर व्हायरस येतो, हे मी रोज पाहतो. सरळ मार्ग उघडा असताना हे का करावं, असं मनापासून वाटतं.

२५.८ हा आकडा कसला?

वर्ष आणि महिना. २०२५ चा आठवा महिना. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या २४.२ पासून ही पद्धत पडली, त्याआधी ७.५, ७.६ असे आकडे असत. वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या येतात, साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. मध्ये छोट्या दुरुस्त्या येत राहतात, म्हणून शेवटी तिसरा आकडा दिसतो. ज्याला फक्त काम करायचं आहे त्याने नवी आवृत्ती आल्या दिवशी धावू नये. एकदोन दुरुस्त्या होऊ द्याव्यात.

या आवृत्तीत नवीन काय?

पहिलं म्हणजे वेग. मोठ्या फायली रायटर आणि कॅल्कमध्ये पूर्वीपेक्षा लवकर उघडतात. त्यांच्या स्वतःच्या चाचण्यांत हा फरक ३० टक्क्यांपर्यंत असल्याचं संस्थेने जाहीर केलं आहे. नव्या कोऱ्या मशीनवर हे जाणवणारही नाही, जुन्यावर जाणवतं.

दुसरं, पहिल्यांदा उघडल्यावर जी स्वागताची खिडकी येते तिथेच आता पडद्याची मांडणी निवडता येते. ज्यांचा हात वरच्या पट्टीतल्या टॅबवर बसला आहे त्यांनी टॅब्ड मांडणी घ्यावी. ती २०१९ पासून आहे, पण मेनूमध्ये आत असल्यामुळे लोकांना सापडतच नसे. "हे जुनाट दिसतं" ही तक्रार एवढ्यानेच निम्मी संपते.

तिसरं, रायटरमध्ये दोन्ही कडा जुळवलेल्या परिच्छेदांत शब्दांमधल्या अंतराचं गणित सुधारलं आहे. मराठीत "ग्रामपंचायतीकडूनसुद्धा" असे लांबलचक शब्द येतात आणि ओळीत मोठाल्या फटी पडतात, त्यामुळे आपल्याला हे उपयोगी आहे. पीडीएफची २.० ही नवी पद्धत आली आहे आणि इम्प्रेसमधून काढलेल्या पीपीटीएक्स (पॉवरपॉइंटच्या) फायलीत फॉन्ट सोबत बांधून देता येतो.

चौथं, कॅल्कमधली नवी फंक्शन्स. माझ्या मते या आवृत्तीचा खरा माल तोच आहे. त्याबद्दल खाली आंब्याच्या हिशेबात सांगतो.

माझा कॉम्प्युटर जुना आहे, चालेल का?

विंडोज १० किंवा ११ असेल तर चालेल. विंडोज ७, ८ आणि ८.१ वर ही आवृत्ती चढत नाही. तिथे २५.२ ही शेवटची. पण ज्या विंडोजला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत तिच्यावर बँकेचं काम करू नये, ऑफिस कोणतंही असो. अशा मशीनवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून देतो. त्यात लिब्रेऑफिस आधीच असतं आणि टाकून द्यायचा ठरलेला कॉम्प्युटर आणखी काही वर्षं सुखाने काम करतो.

डाउनलोड कुठून करायचं? आमच्याकडे रेंज नाही

फक्त लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग या अधिकृत साइटवरून. दुसऱ्या साइटवरच्या डाउनलोडच्या बटणांबरोबर नको ते सामान येतं. फाइल साधारण ३५० एमबीची आहे. तुमच्याकडे नेट रडत असेल तर पेनड्राइव्ह घेऊन या, इथून कॉपी करून देतो. एकदा चढवल्यावर वापरायला इंटरनेट लागत नाही, कसलं खातं उघडावं लागत नाही. पावसाळ्यात चार दिवस टॉवर बंद असला तरी तुमचं पत्र तुमच्या मशीनवर उघडतं.

मराठी नीट चालतं का?

चालतं, पण पहिल्या दिवशी थोडी मांडणी करून घ्यावी लागते. ती न करताच "मराठीला बरोबर नाही" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात लँग्वेजेस अँड लोकेल्स, त्यात जनरल. तिथे खाली दस्तऐवजाच्या भाषांमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' समोर खूण करा आणि यादीतून मराठी निवडा. लोकेल मात्र इंग्लिश (इंडिया) ठेवा, म्हणजे रुपयाचं चिन्ह आणि लाखाचा स्वल्पविराम जागेवर येतो. नंतर रायटरच्या मूळ फॉन्टमध्ये जाऊन देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट ठरवा. इथे इंग्रजी आणि देवनागरी यांचे फॉन्ट आणि अक्षरांचे आकार वेगवेगळे धरले जातात. "मी साइज १४ केली, इंग्रजी वाढलं, मराठी तेवढंच" या तक्रारीचं कारण हेच.

भाषा मराठी निवडण्याचा एक फायदा फार थोड्यांना माहीत आहे. ल आणि श ही अक्षरं हिंदी वळणाची आणि मराठी वळणाची वेगळी असतात. राज्य शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वळण ठरवून दिलं आहे: पाकळीचा ल आणि देठाचा श. नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी असेल तरच आपलं रूप पुढे येतं. लिब्रेऑफिस २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून हार्फबझ हे अक्षरजुळणीचं इंजिन सगळीकडे वापरतं, आणि ते भाषा पाहून रूप निवडतं. शाळेच्या एका निमंत्रणपत्रिकेत मी फक्त भाषा हिंदीची मराठी केली आणि "शाळा"तला श आणि "मुले"मधला ल डोळ्यांसमोर बदलले. मुख्याध्यापकबाई खुर्ची ओढून जवळ बसल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा करून दाखवा."

दुसरी गोष्ट चंद्रकोरीसारख्या र ची. आमच्याकडे एका बाजूला दर्या आणि दुसरीकडे दऱ्या, दोन्ही शब्द लागतात आणि दोन्ही चुकवून चालत नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर साधा र म्हणजे इंग्रजी जे ची कळ. दऱ्यातला र काढायचा तर शिफ्ट धरून जे, मग डी दाबून हलन्त, मग य (तऱ्हासाठी ह). एवढ्या तीन कळा पाठ केल्या की तऱ्हा, कोऱ्या, नोकऱ्या सगळं शुद्ध उमटतं.

मराठी शब्द तपासणारा कोश एक्सटेन्शन म्हणून मिळतो, तो टाकून घ्या. पण त्याच्यावर विसंबू नका. आपल्या भाषेत एकेका नामाला इतके प्रत्यय लागतात की बरोबर शब्दाखालीही तो लाल रेघ ओढतो. मेनू मराठीतही करता येतात. विंडोजवर चढवताना 'कस्टम' निवडून भाषांच्या यादीत मराठीला खूण करायची. भाषांतर पूर्ण झालेलं नाही, मध्ये मध्ये इंग्रजी शब्द दिसतात. ज्यांना हातभार लावायचा आहे त्यांना संस्थेच्या साइटवर भाषांतर करता येतं आणि मराठी मुलांनी ते करावं अशी माझी फार इच्छा आहे.

जुनी फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते

त्यात लिब्रेऑफिसचा दोष नाही. शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली होती. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. फॉन्ट काढला की मुखवटा निघतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत क ला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे फॉन्ट कुठलाही असो, क हा क च राहतो.

उपाय दोन. नुसतं पाहायचं किंवा छापायचं असेल तर तोच जुना फॉन्ट मशीनवर टाका. पुढे वापरायचं असेल तर कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि मग ओळ न् ओळ वाचा. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं तिथे हमखास घसरतात. मी एका देवस्थानच्या जुन्या इतिवृत्तांचं हे काम केलं. कन्व्हर्टरने पाच मिनिटांत केलं ते तपासायला मला तीन आठवडे लागले. तरीही करा. आज वाचता येणारा माणूस आणि फॉन्ट दोन्ही आहेत तोवर करा.

आंब्याचा हिशेब यात जमेल?

उत्तम जमेल, आणि वहीपेक्षा जास्त काही कळेल. आमच्या एका बागायतदार काकांचं पत्रक कसं केलं ते सांगतो. सूत्रं लिहिताना फंक्शनची नावं इंग्रजी अक्षरांत लिहायची, इथे मी उच्चार देतो आहे.

एका ओळीत एक पट्टी, म्हणजे दलालाकडून आलेला विक्रीचा हिशेब. रकाने असे: तारीख, दलाल, किती डझनी पेटी, पेट्या, भाव, अडत, हमाली, गाडीभाडं, हातात आलेली रक्कम. चार डझनी आणि सहा डझनी पेटी वेगळ्या ओळीत लिहायची, कारण भाव वेगळा. शेवटचा रकाना सूत्राने: पेट्या गुणिले भाव, त्यातून बाकीचं वजा. मार्च, एप्रिल, मे अशी तीन शीटं.

इथपर्यंत कुठल्याही आवृत्तीत होतं. २५.८ मध्ये व्हीस्टॅक आलं आहे. तीन महिन्यांच्या शीटांतल्या ओळी ते एकाखाली एक जोडून चौथ्या शीटवर दाखवतं. कॉपी-पेस्ट करताना एखादी पट्टी दोनदा येण्याची भीती गेली. त्यावर फिल्टर हे फंक्शन लावलं (हे २४.८ मध्ये आलं) की एकाच दलालाच्या सगळ्या पट्ट्या वेगळ्या निघतात. ही फंक्शन्स कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबून पक्की करा.

टेक्स्टस्प्लिट मला सगळ्यांत आवडलं. काकांचा मुलगा वाशीहून व्हॉट्सॲपवर "दलाल, डझनी, पेट्या, भाव" असं स्वल्पविराम देऊन एका ओळीत पाठवतो. ती ओळ एका सेलमध्ये टाकली की टेक्स्टस्प्लिट तिचे चार रकाने करून देतं. पूर्वी काकी चष्मा लावून एकेक आकडा पुन्हा टाइप करत बसायच्या.

त्या हंगामाच्या शेवटी समइफ्स हे अटीप्रमाणे बेरीज करणारं फंक्शन लावून दलालवार बेरीज काढली. भाव ज्याचा सर्वांत चढा, त्याच्याकडून हातात येणारी रक्कम हमाली आणि भाडं वजा जाता दर पेटीमागे कमी पडत होती. काका बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले.

दोन सूचना. आकडे भरताना इंग्रजी अंकच वापरा. छापताना देवनागरी अंक हवेत तर ते सेलच्या फॉरमॅटमधून दाखवता येतात. आणि साडेबारा लाख हे १२,५०,००० असं दिसलं पाहिजे. १,२५०,००० असं दिसत असेल तर वर सांगितलेलं लोकेल चुकलं आहे.

मी पाठवलेली फाइल दुसरीकडे विस्कटते

लिब्रेऑफिसची स्वतःची पद्धत ओडीएफ, ती २००६ पासून आंतरराष्ट्रीय आयएसओ मानक आहे. रायटरची फाइल ओडीटी, कॅल्कची ओडीएस. मायक्रोसॉफ्टच्या वर्ड आणि एक्सेलच्या डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स फायलीही इथे उघडतात, बदलता येतात, त्याच रूपात जपता येतात. विस्कटण्याचं कारण बहुतेक वेळा फॉन्ट असतो. तुमच्याकडचा फॉन्ट समोरच्याकडे नसला की ओळी सरकतात आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा तक्ता दुसऱ्या पानावर जातो.

समोरच्याने फक्त वाचायचं असेल तर पीडीएफच द्या. बदल करायचे असतील तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट या टॅबवर जाऊन फॉन्ट सोबत बांधायची खूण करा. तिसरी युक्ती मला फार उपयोगी पडली आहे: पीडीएफ काढताना 'हायब्रिड पीडीएफ' ही खूण केली तर मूळ फाइलही त्याच पीडीएफच्या पोटात राहते. जग तिला पीडीएफ म्हणून वाचतं, तुम्ही लिब्रेऑफिसमध्ये उघडली की ती दुरुस्त करता येते. ग्रामसभेचं इतिवृत्त मी असंच ठेवायला सांगतो, मूळ फाइल कुठे गेली हा शोध संपतो.

ऑनलाइन अर्जाला पीडीएफ लहान हवी असेल तर एक्स्पोर्टच्याच खिडकीत चित्रांचं रिझोल्यूशन १५० डीपीआय करा.

लाईट गेली तर?

जाणारच. तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, आमच्याकडे वीज गेली ती परत यायला किती दिवस लागले हे इथल्या कोणाला सांगायला नको. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे ऑटोरिकव्हरीची खूण असल्याची खात्री करा आणि मूळचे १० मिनिटं बदलून ३ करा. तिथेच बॅकअप प्रत ठेवायचीही खूण आहे. तरीही दर परिच्छेदाला कंट्रोल एस दाबायची सवय हवी. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या घरात, समुद्रापासून लांब.

एमएस-सीआयटी केलंय, पुन्हा शिकावं लागेल?

नाही. कोष्टक, समास, बेरीज, छपाई, सगळं तेच. बटणांच्या जागा बदलतात, त्याला आठवडा द्या. टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी मात्र परीक्षेत जे सॉफ्टवेअर असेल त्यावरच सराव करावा.

मुलांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. केरळच्या सरकारी शाळांत काइट या सरकारी संस्थेमार्फत मुक्त सॉफ्टवेअरवर कॉम्प्युटर शिकवतात. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्श्टाइन या दोन समुद्रांमधल्या राज्याने २०२४ मध्ये आपले सुमारे ३०,००० सरकारी कॉम्प्युटर लिब्रेऑफिसवर न्यायचं ठरवलं. मग आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोराला घरी घेऊन जाता येईल असंच साधन शिकवलं पाहिजे.

मोबाईलवर चालतं?

पूर्ण संच नाही. त्याच कोडवर आधारलेलं कोलॅबोरा ऑफिस हे ॲप आहे, त्यात ओडीटी उघडते.

एकाच पत्रावर दीडशे नावं घालायची आहेत

मेल मर्ज. कॅल्कमध्ये नाव, वाडी, थकबाकी अशी यादी करा, रायटरमध्ये एकच नोटीस लिहा आणि नावाच्या जागी रकाना जोडा. दीडशे नोटिसा एका छपाईत निघतात. होमस्टेवाल्या वहिनी हीच युक्ती कोकम आगळाच्या बाटल्यांच्या लेबलांना वापरतात.

काय जमत नाही?

आउटलुकसारखा मेलचा प्रोग्रॅम यात नाही, त्याला थंडरबर्ड घ्या. एक्सेलमधले मोठे मॅक्रो (कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) अर्धेमुर्धे चालतात, काही चालतच नाहीत. तुमच्या सीएने किंवा पतसंस्थेने मॅक्रो असलेलं पत्रक दिलं असेल तर आधी त्याची प्रत करून चालवून बघा. पासवर्ड घालून जपलेल्या फायलीचा पासवर्ड विसरलात तर ती मी उघडून देऊ शकत नाही, दुसरा कोणीही नाही. दर महिन्याला एकजण तरी ही विनंती घेऊन येतो आणि मला नाही म्हणताना वाईट वाटतं. पासवर्ड कागदावर लिहा आणि सातबाराच्या फायलीत ठेवा.

आधीचं ऑफिस काढून टाकावं लागेल का?

नाही, दोन्ही एकाच मशीनवर सुखाने राहतात. चढवताना डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स यांच्यापुढची खूण काढा, म्हणजे जुन्या फायली जुन्यातच उघडतील. नवं पत्र तेवढं रायटरमध्ये लिहायला लागा. येताना स्वतःची एक खरी फाइल पेनड्राइव्हवर आणा, नमुन्याची नको. तिच्यावरच बसून मराठीची मांडणी करून देतो.